गच्चीवरचा पाऊस डब्ल्यूएसडीएलमध्ये: तिसरी नोंद

मंडळी, मागच्या नोंदीपर्यंत पर्जन्यमापकाचा रोजचा आकडा डेटाबेसात पडायला लागला होता. आता तो आकडा दुसऱ्यांना मागता यावा, एवढंच काम होतं. पुण्यात सिंहगड रोडवर माझी गच्ची, औंधला मित्राची, हडपसरला मावसभावाची. खडकवासल्याच्या अंगाला धो धो कोसळत असताना हडपसरचा रस्ता कोरडा असू शकतो, म्हणून तिघांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघायची आम्हाला हौस. मित्र सी शार्प वापरतो, भाऊ पायथन, मी जावा. म्हणून ठरवलं की आधी डब्ल्यूएसडीएल, म्हणजे सर्व्हिसकडे काय मागता येतं आणि उत्तर कसं येतं याच्या वर्णनाची फाइल लिहायची आणि कोडला नंतर हात लावायचा.

इक्लिप्स या कोड लिहायच्या अवजारात फाइल, न्यू, अदर, त्यात वेब सर्व्हिसेसखाली डब्ल्यूएसडीएल फाइल. विझार्ड टार्गेट नेमस्पेस, म्हणजे आपली नावं इतरांपासून वेगळी ठेवणारा पत्ता, विचारतो आणि एक्झाम्पल डॉट ऑर्गचा पत्ता आधीच भरून ठेवतो. तो बदला. तिथे वेबपान असण्याची गरज नसते, ती नुसती ओळख आहे. पण अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे, शेवटची तिरकी रेघ असली-नसली तरी नेमस्पेस वेगळी होते. पुढे सोप (एक्सएमएलमध्ये निरोप पाठवायची पद्धत) आणि त्या निरोपाची डॉक्युमेंट लिटरल ही मांडणी निवडली. आरपीसी एन्कोडेडचाही पर्याय दिसतो, पण वेब सर्व्हिसेस एकमेकींशी जुळाव्यात म्हणून केलेल्या डब्ल्यूएस-आयच्या बेसिक प्रोफाइल या नियमावलीने तो बाद ठरवलाय, त्याच्या वाटेला जाऊ नका. तयार होणारा सांगाडा १.१ आवृत्तीचा असतो, म्हणजे २००१ सालचा. २.० ला डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २००७ मध्ये शिफारशीचा दर्जा दिला खरा, पण आपल्या हातातली अवजारं १.१ च बोलतात.

डिझाइन टॅबमध्ये सगळं चित्रासारखं दिसतं: डावीकडे सर्व्हिस (ती कुठे आहे), मधे बाइंडिंग (निरोप कसे जातात), उजवीकडे पोर्टटाइप (काय काय मागता येतं). ‘दैनिक पाऊस’ हे ऑपरेशन झाल्यावर मी ‘महिन्याचा पाऊस’ हे दुसरं जोडलं. पोर्टटाइपमध्ये ते आलं, बाइंडिंगमध्ये त्याचा पत्ताच नाही. बाइंडिंगवर राइट क्लिक करून जनरेट बाइंडिंग कंटेंट चालवावं लागतं, आणि तिथे जुनी माहिती पुसून नवी लिहिण्याच्या चौकटीत खूण करायला विसरू नका.

खरा वेळ गेला तो टाइप्समध्ये, म्हणजे कुठली माहिती कशा रूपात येते ते सांगणाऱ्या भागात. पाऊस मिलिमीटरमध्ये, म्हणून डेसिमल, दशांशानंतर एकच अंक, शून्याच्या खाली नाही. इथवर सोपं. पण ‘तारीख’ म्हणजे काय? हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. मीही साडेआठलाच मोजते, म्हणजे १५ जुलैच्या नावावर पडणारा बराचसा पाऊस १४ जुलैचा असतो. भाऊ मात्र रात्री बारा ते बारा धरून चालला होता. ही गोष्ट डॉक्युमेंटेशन घटकात सरळ मराठीत लिहिली: ‘या तारखेला सकाळी ८.३० वाजता संपणारे चोवीस तास.’ फाइल यूटीएफ-८ असल्याने देवनागरीला काहीच अडचण आली नाही. भावाने त्याच दिवशी आपली स्क्रिप्ट बदलली.

मग कोड. वर्णनाच्या फाइलमधून जावा कोड काढणारं डब्ल्यूएसइम्पोर्ट जावा ११ पासून जेडीकेसोबत (जावाच्या मूळ संचासोबत) येत नाही, म्हणून अपाचे सीएक्सएफचं डब्ल्यूएसडीएल-टू-जावा वापरलं. सर्व्हिस उभी राहिली, मित्राचा प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात बोलला, पण भावाला एरर. तो विनंतीचं एक्सएमएल हाताने रचतो. एररमध्ये लिहिलेलं की आलेला ‘तारीख’ घटक अनपेक्षित आहे, आणि अपेक्षित नावाच्या आधी रिकामा महिरपी कंस. दोन संध्याकाळी मी भावाच्याच कोडमध्ये चूक शोधत होते. तो रिकामा कंस म्हणजे ‘या घटकाला नेमस्पेस नको’. इक्लिप्सच्या सांगाड्यातल्या स्कीमावर (टाइप्स जिथे लिहितात त्या घटकावर) एलिमेंटफॉर्मडिफॉल्ट लिहिलेलंच नसतं, आणि ते नसलं की आतले घटक नेमस्पेसविना धरले जातात. भावाने डिफॉल्ट नेमस्पेस लावल्यामुळे त्याचे आतले घटकही नेमस्पेससकट येत होते. स्कीमावर क्वालिफाइड लिहिलं, कोड पुन्हा काढला, चालू झालं. मित्राला अडचण आली नव्हती, कारण त्याचा कोड याच फाइलमधून निघालेला. नवी फाइल तयार करताना हा शब्द पहिल्या पाच मिनिटांत घाला.

त्यानंतर जे सापडलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आम्ही चार दिवस गावी गेलो होतो, मापक कोणी वाचला नाही. मी पावसाच्या घटकाला मिनऑकर्स शून्य दिलं होतं, म्हणजे नोंद नसेल तर घटकच नाही. मित्राच्या तक्त्यात मात्र ते चार दिवस ०.० मिमी दिसले. भर जुलैत, सिंहगड रोडला! सी शार्पमध्ये साध्या डेसिमलला रिकामं राहता येत नाही, घटक आला नाही की किंमत शून्यच राहते. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही यांत केवढा फरक आहे, आणि माझ्या फाइलमुळे तो पुसला जात होता. महिन्याची बेरीज सारखीच, पण कोरडे दिवस मोजायला गेलं की सगळं खोटं.

म्हणून घटक सक्तीचा केला आणि त्याला निलेबल ट्रू दिलं, म्हणजे रिकामं राहायची मुभा. आता नोंद नसली तरी घटक येतो, अंगावर निल अशी खूण घेऊन. मित्राने सर्व्हिस रेफरन्स ताजा केल्यावर त्याच्याकडे रिकामी राहू शकणारी डेसिमल आली, जावात तर नल आधीच होता, आणि भावाने निलसाठी एक ओळ वाढवली. परवा रात्री तिघांनी मिळून जुलैचा तक्ता पुन्हा काढला. त्या चार घरांत आता छोटी आडवी रेघ आहे, आणि पाचव्या दिवसापासून पाऊस सुरू होतो.