तिसरा चॅनल

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये शेकरवर, म्हणजे वस्तू थरथरवून तपासणाऱ्या यंत्रावर, रोज काही ना काही चढतं. रेल्वेचे इन्व्हर्टर, जहाजावरचे स्विचबोर्ड, गाड्यांच्या बॅटऱ्या. मागच्या पावसाळ्यात मात्र एक अ‍ॅक्च्युएटर आला, म्हणजे सिग्नल मिळाला की मोटरने दांडा हलवणारा डबा, आणि त्या दिवशी जे दिसलं ते अजून डोक्यातून गेलेलं नाही.

तो एका लष्करी हेलिकॉप्टरसाठी होता. पायलट असताना आणि नसताना, दोन्ही प्रकारे उडेल असं हेलिकॉप्टर. हा अ‍ॅक्च्युएटर कॉकपिटमधल्या दांड्याला जोडून बसतो. पायलट असला तर त्याच्या हाताला साथ देतो, नसला तर त्याच्या हाताचं काम करतो. अमेरिकेत ५ फेब्रुवारी २०२२ ला केंटकीतल्या फोर्ट कॅम्पबेलवर एक ब्लॅक हॉक आत कुणीही नसताना अर्धा तास उडालं. पायलटांनी कॉकपिटमधला पायलटांच्या संख्येचा स्विच दोनवरून शून्यावर केला आणि ते खाली उतरले. आमच्या समोरच्या डब्यालाही त्या शून्यासाठीच तयार व्हायचं होतं.

ग्राहकाच्या हेलिकॉप्टरचे आकडे मला सांगता येणार नाहीत, म्हणून ब्लॅक हॉकचेच सांगते. त्याचा मुख्य रोटर सेकंदाला ४.३ फेरे मारतो. पाती चार, म्हणजे सेकंदाला १७.२ दणके. मग त्याच्या पटी: ३४.४, ५१.६. हेलिकॉप्टरच्या कंपनचाचणीत खाली रँडम, म्हणजे अनेक फ्रिक्वेन्सींचं मिसळलेलं, कंपन चालू ठेवून त्यावर या ठरलेल्या साइन, म्हणजे एकेकाच फ्रिक्वेन्सीची कंपनं, चढवतात. जेट विमानाला असं लागत नाही. हेलिकॉप्टर मात्र जमिनीवरून उठल्यापासून टेकेपर्यंत याच मोजक्या फ्रिक्वेन्सींवर हलत राहतं, त्यामुळे एखादा भाग नेमका तिथेच अनुनादात सापडला, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला जास्तच जोराने हलू लागला, तर त्याची सुटका नसते.

उभ्या अक्षातली चाचणी आदल्या दिवशी नीट पार पडली होती. त्या दिवशी स्लिप टेबलवर, म्हणजे शेकरच्या आडव्या सरकणाऱ्या टेबलावर, आडवा अक्ष होता. ग्राहकाकडून प्रोजेक्टचे प्रमुख आणि सल्लागार म्हणून आलेले एक निवृत्त कर्नल बसले होते. कर्नलसाहेबांचं सगळं आयुष्य आर्मी एव्हिएशनमध्ये गेलेलं. डबा चालू ठेवून आम्ही त्याचा पोझिशन फीडबॅक, म्हणजे दांडा कुठे आहे ते सांगणारा सिग्नल, लॉगरवर नोंदवून घेत होतो. दुपारनंतर त्या सरळ रेषेत एक बारीक दरी दिसली. थोड्या वेळाने पुन्हा. मोठी करून पाहिली तर दहा-बारा मिलिसेकंद सिग्नल चक्क शून्य.

प्रमुख म्हणाले, "मॅडम, प्लॅनमध्ये पन्नास मिलिसेकंदांपर्यंत खंड चालतो. पुढे जाऊ या."

प्लॅनमध्ये तसं होतं खरं. पण तो प्लॅन पायलट असलेल्या जुन्या मॉडेलवरून घेतलेला होता. मी शेकर चालवणाऱ्या काकांना म्हटलं, "काका, रँडम बंद करा, नुसती तिसरी साइन ठेवा." आमचे काका शेकरचा आवाज ऐकून बोल्ट ढिला आहे की नाही ते सांगतात. त्यांनी डब्याचं झाकण काढून घेतलं, दिवे मालवले आणि स्ट्रोब, म्हणजे भरभर लुकलुकणारा दिवा, लावला.

स्ट्रोबची फ्रिक्वेन्सी कंपनाच्या अगदी जवळ आणली की थरथरणारी वस्तू संथपणे हलताना दिसते. सर्किट बोर्ड स्थिर होता, मोटर स्थिर होती. कनेक्टरकडे जाणारा तारांचा जुडगा मात्र डावी-उजवीकडे बोटभर झोके घेत होता. क्लॅम्प कनेक्टरपासून फार लांब बसवला होता, मधली तार मोकळी. प्रत्येक झोक्याला एक पिन सॉकेटमध्ये घासत होती. पिनच्या मुळाशी काळपट भुकटीही जमलेली दिसली.

प्रमुखांनी वाद सोडला नाही, आणि त्यांचा मुद्दा वरवर बरोबरच होता: "सिग्नलचे चॅनल, म्हणजे स्वतंत्र मार्ग, दोन आहेत. एक गेला तर दुसरा आहेच ना?"

मी फक्त विचारलं, "दुसऱ्या चॅनलचा जुडगा कसा बांधलाय, सर?"

तसाच. तीच लांबी, तोच क्लॅम्प, तोच कनेक्टर. हेलिकॉप्टरमध्ये दोघांना हलवणारा रोटरही एकच. एकाची पिन घासून खराब होईल त्याच सुमाराला दुसऱ्याचीही होणार. दोन चॅनल असल्याचा आधार तेवढ्यावर संपतो.

कर्नलसाहेब तोवर गप्प होते. ते उठले, स्ट्रोबच्या उजेडात वाकून बराच वेळ ती तार पाहत राहिले. मग प्रमुखांना म्हणाले, "मी असतो तर मला दांड्यात हिसका जाणवला असता. सिस्टीम बंद करून हाताने उडवलं असतं. तुमचा पन्नासचा आकडा माझ्या भरवशावर लिहिलाय. मीच नसलो तर?"

नेमकं हेच मला म्हणायचं होतं, आणि ते त्यांनी म्हणणं जास्त योग्य होतं. पायलट हा तिसरा चॅनल असतो, आणि तो दुसऱ्या जातीचा असतो. त्याच्यात तो कनेक्टर नसतो. अफगाणिस्तानात अमेरिकी मरीन्सनी २०११ च्या डिसेंबरपासून के-मॅक्स हेलिकॉप्टरं पायलटशिवाय मालवाहतुकीला वापरली. काम त्यांनी चांगलं केलं, पण २०१३ मध्ये त्यातलं एक खाली टांगलेला भार झुलायला लागून पडलं. त्यात कुणालाही इजा झाली नाही. तो झोका आत बसून अंगाने ओळखणारं मात्र कुणी नव्हतं. माझा विरोध पायलटशिवाय उडण्याला मुळीच नाही. सियाचेनसारख्या ठिकाणी रसद पोचवताना दोन जीव कमी धोक्यात घालता येणार असतील तर ते व्हायलाच हवं. पण आतला माणूस काढताना तो न बोलता काय काय सांभाळत होता, ते एकेक करून चाचणीत लिहिलं पाहिजे.

संध्याकाळी प्रमुखांनी स्वतःच फोन करून चाचणी थांबवल्याचं कळवलं. डबा परत गेला. पुढे आला तेव्हा क्लॅम्प कनेक्टरला लागून होता आणि दुसऱ्या चॅनलचा जुडगा वेगळ्या बाजूने, वेगळ्या लांबीचा ओढलेला होता. तिन्ही अक्ष पुन्हा पहिल्यापासून घेतले. रेषेत एकही दरी आली नाही.

त्या रिपोर्टमध्ये स्वीकृतीचे दोन तक्ते आहेत, एक पायलट असतानाचा, एक नसतानाचा. दुसऱ्या तक्त्यात खंडाची मर्यादा शून्य लिहिली आहे आणि खाली कर्नलसाहेबांची सही आहे. आता असा कुठलाही डबा आला की तो शेकरवर चढवण्याआधी मी दुसरा तक्ता मागून घेते.