छोंगवू आणि क्वानझोउ : जाणाऱ्यांसाठी थोडं

चीनला जाऊन नुसतं बीजिंग-शांघाय करून येणार असाल तर तुमची मर्जी, पण समुद्र आणि जुनी दगडी कामं आवडत असतील तर फुच्यान प्रांतातलं छोंगवू गाठाच. शियामेनला उतरायचं, तिथून बुलेट ट्रेनने क्वानझोउ अर्ध्या-पाऊण तासात येतं, पुढे बस नाहीतर टॅक्सीने तासभर किंवा थोडं जास्त. तिकीट पासपोर्टवरच निघतं आणि आपला पासपोर्ट ऑटोमॅटिक गेटवर बऱ्याचदा चालत नाही, सरळ माणूस बसलेल्या गेटकडे जा.

छोंगवू म्हणजे तैवानच्या सामुद्रधुनीत घुसलेलं टोक आणि त्यावर ग्रॅनाइटच्या तटातलं गाव. तट १३८७ चा, मिंग घराण्याच्या काळातला, चाच्यांना रोखायला बांधलेला, लांबी साधारण अडीच किलोमीटर. भारी गोष्ट ही की आत अजून लोक राहतात, कपडे वाळत घातलेत, म्हातारे पत्ते कुटतायत, कोणी तुमच्याकडे बघत पण नाही. गावात फिरायला तिकीट नाही, तिकीट आहे ते तटाखालच्या समुद्राकडच्या शिल्पांच्या बागेला. ती बाग मला काही खास वाटली नाही, पण तिथून तट खालून पूर्ण दिसतो म्हणून जा हवं तर. हुइआनच्या (छोंगवू ज्या तालुक्यात येतं तो) बायका मात्र बघाच, फुलाफुलांचा स्कार्फ हनुवटीखाली घट्ट बांधलेला, वर पिवळी टोपी, आखूड झंपर आणि घेरदार काळी पँट. फोटो काढण्याआधी हाताने खूण करून विचारा, बिचाऱ्या कामात असतात.

आता खरं सांगायचं ते लुओयांग पुलाबद्दल. हा क्वानझोउ आणि हुइआनच्या मधेच आहे तरी लोक गाडीतून पुढे निघून जातात. १०५३ ते १०५९ मधे बांधला, खाडीच्या तोंडावर, जिथे भरतीचं पाणी पाया टिकू देत नव्हतं, तर त्यांनी काय केलं, नदीच्या तळाशी दगडांचा थर टाकला आणि त्यावर चक्क कालवं (ऑयस्टर, शिंपल्यातली) वाढवली, ती दगडांना चिकटून सगळं एकजीव होतं! आपल्याकडे सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतलं म्हणतात, इथे जिवंत सिमेंट. ओहोटीलाच जा, भरतीत खालचं काही दिसत नाही. ओहोटीला होडीच्या आकाराचे खांब तळापर्यंत दिसतात आणि आसपास कालवं फोडणाऱ्या बायका पण. मॅपवर शोधताना क्वानझोउ नक्की टाका, नुसतं लुओयांग टाकलं तर पार हनान प्रांतातलं शहर येतं.

क्वानझोउत काययुआन मंदिर. सगळे दोन दगडी मनोऱ्यांचे फोटो काढून परत फिरतात, तुम्ही मुख्य सभामंडपाच्या मागच्या ओसरीत जा. तिथे दोन खांब आहेत, त्यावर नरसिंह हिरण्यकश्यपूला फाडतोय आणि उखळाला बांधलेला बाळकृष्ण झाडांमधून रांगतोय, चीनमधल्या बौद्ध मंदिरात! युआन काळात, म्हणजे चीनवर मंगोल घराण्याचं राज्य असताना, इथे तमिळ व्यापारी होते, त्यांच्या पडलेल्या देवळाचे खांब मिंग काळातल्या डागडुजीत इथे लावले. त्या देवळांचे बाकीचे दगड सागरी इतिहासाच्या म्युझियममधे आहेत, तेही चुकवू नका, सोमवारी म्युझियम बंद असण्याची शक्यता धरा.

खाण्याचं म्हणाल तर मासे खाणाऱ्यांची चैन आहे, छोंगवूचे फिश रोल मासा आणि रताळ्याच्या पिठाचे, गरमच खा. शाकाहारी असाल तर 'वो छी सू' (मी शाकाहारी खातो) पाठ करा आणि मोबाईलवर चिनीत लिहून दाखवा, कारण उच्चार काही जमत नाही आपल्याला. शेंगदाण्याचं गोड सूप मस्त, फक्त अंडं नको हे आधी सांगा, फोडून घालतात.

पैसे अलीपे या चिनी पेमेंट ॲपवर, कार्ड भारतातच जोडून घ्या आणि ओटीपीसाठी आपलं सिम रोमिंगवर चालू ठेवा, व्हॉट्सॲप पण त्यावरच चालतं. थोडे युआन, म्हणजे तिथलं चलन, रोख ठेवा. गावातलं छोटं होमस्टे बुक करताना परदेशी पासपोर्ट घेतात का ते आधी विचारा, सगळे घेत नाहीत. जुलै ते सप्टेंबर टायफूनचे दिवस आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा त्यांच्या सुट्टीचा, दोन्ही टाळा. नोव्हेंबर मस्त, फक्त तटावर वारा बेकार, विंडचीटर घ्या.