डेंग्यूनंतरची पाळी

डेंग्यूच्या तापात प्लेटलेटचा आकडा घरादाराला पाठ होतो. पाळीबद्दल मात्र कोणी विचारत नाही आणि बाईही आपणहून सांगत नाही. गेल्या भाद्रपदात मी या सगळ्यातून गेले, म्हणून लिहिते आहे.

आमचं घर गुहागरकडच्या पोफळीच्या बागेत. पावसात गळालेल्या विऱ्यांमध्ये, म्हणजे झावळीच्या देठाकडच्या खोलगट भागात, पाणी साचून राहतं आणि डेंग्यूच्या डासाला असंच साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. गणपतीच्या तोंडावर वाडीत एकामागून एक माणसं तापाने पडली, त्यात मीही.

ताप चढलेला असतानाच पाळी आली, तारखेच्या बरीच आधी. कंबर तुटत होती. जाऊबाईंनी त्यांची पाळीतल्या दुखण्यावरची नेहमीची गोळी पुढे केली, मेफेनॅमिक अ‍ॅसिडची. तेवढ्यात आशाताई आल्या. म्हणाल्या, "वहिनी, ती नको हां. तापावर आणि दुखण्यावर फक्त पॅरासिटॅमॉल." डेंग्यूत ही गोळी, आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन रक्तस्राव वाढवू शकतात. कोकणात घरोघरी ही गोळी डब्यात असते, म्हणून हे ठळक सांगते.

डेंग्यूची एनएस-वन ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. प्लेटलेट दीड लाखाच्या वर हव्यात, माझ्या पन्नास हजारांच्या खाली. अंगावरून गाठी जात होत्या. ग्रामीण रुग्णालयात राउंडला आलेल्या डॉक्टरांसमोर दीर आणि सासरे उभे, त्यामुळे सांगायला जीभ रेटेना. ते गेल्यावर नर्सबाईंच्या कानावर घातलं. त्यांनी केसपेपरच्या मागे रेघा मारल्या आणि पेन माझ्या हातात दिलं: "पॅड बदललं की वेळ लिही. तासाला एक भिजायला लागलं तर लगेच हाक मार." तो कागद बघूनच डॉक्टरांनी रक्तस्राव आटोक्यात आणायची औषधं सुरू केली. नुसतं "जास्त जातंय" म्हटल्याने त्यांना एवढं कळलं नसतं.

त्यांनी आणखी एक विचारलं: गणपतीसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली होतीत का? आमच्याकडे कितीतरी बायका घेतात. ती हार्मोनची गोळी, बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते, म्हणून डॉक्टरांना ते ठाऊक असावं लागतं. मी घेतली नव्हती. पण सासूबाईंसमोर हा प्रश्न आला असता तर किती जणी खरं बोलल्या असत्या, कोण जाणे.

प्लेटलेट वाढल्या, घरी आले. पुढच्या महिन्यात पाळीच नाही. गरोदरपणाची तपासणी निगेटिव्ह. सगळे म्हणायचे, "अशक्तपणा आहे गो, येईल." आली ती दिवाळीच्या सुमारास, आणि पुन्हा भरमसाट. जिना चढताना धाप लागायची, म्हणून चिपळूणला बाईडॉक्टरांकडे गेले.

त्यांनी नीट समजावलं. मोठा ताप, अन्न न जाणं, शरीरावरचा ताण, यांमुळे मेंदूकडून बीजांडकोशाला जाणारे संदेश मंदावतात आणि बीज उशिरा सुटतं. बीज सुटल्यापासून पाळीपर्यंतचा काळ साधारण १४ दिवसांचा, तो फारसा बदलत नाही. म्हणून बीज जितकं लांबतं तितकी पाळी लांबते. तोवर गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं, मग पाळी आली की जास्त जाते. कोविडनंतरही अनेकींना असे फरक जाणवले होते. बहुतेकींचं काही महिन्यांत जागेवर येतं. तरीही त्यांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी करायला लावली, कारण आधीपासून फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली गाठ, असेल तर तो तापाच्या नावाखाली झाकला जातो. हे मला फार पटलं. सोनोग्राफी स्वच्छ निघाली. हिमोग्लोबिन मात्र साडेआठ. बाईला बारा तरी हवं.

लोहाची गोळी सुरू झाली. चहाबरोबर घ्यायची नाही, आधी-नंतर तासाभराचं अंतर. लिंबाच्या पाण्याबरोबर घेतली तर अंगी जास्त लागते. शौचाला काळी होते, घाबरायचं कारण नाही. तेवढ्यानेच घाबरून वाडीतल्या दोघींनी गोळी सोडली होती, त्यांना मी माझा रिपोर्ट नेऊन दाखवला.

आता पाळी पुन्हा तारखेच्या आसपास येते. हिमोग्लोबिन बाराच्या वर गेलंय, पण अंगातला साठा भरायला पुढेही तीन महिने गोळी घ्यायची आहे, ती चालू आहे.