तेजु नदी आणि बाबांचे गुडघे

माझ्या बाबांना पोर्तुगालच्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे तोंडपाठ आहेत. मिन्यु, लीमा, काव्हादु, आव्ह, दोरु, व्होगा, मोंदेगु, तेजु, सादु, ग्वादियाना. दाढी करताना म्हणतात, वीज गेली की व्हरांड्यात बसून म्हणतात. गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं तेव्हा, बारा वर्षांचे असताना, 'सेगुंद ग्राव' या पोर्तुगीज शाळेतल्या परीक्षेसाठी त्या पाठ केल्या होत्या. चुकलं की छडी. इथल्या म्हादई नदीला पाणी कुठून कुठून येतं, ते त्या पुस्तकात नव्हतं.

बाबा यंदा ८० वर्षांचे झाले. दिवाळीत फोव, म्हणजे पोहे, खाताना मी विचारलं, कुठे जावंसं वाटतं का तुम्हाला? काशी म्हणतील असं धरून मनात हिशेबही सुरू केला होता. ते म्हणाले, "बाय, म्हाका तेजु पळोवपाक जाय." मला तेजु बघायचीय. आणि पुन्हा फोव खाऊ लागले.

तेव्हापासून मी तेजुकाठच्या लिस्बनची तयारी करतेय. जूनच्या २ तारखेला निघायचं आणि ९ला परत. फोंड्यातलं माझं औषधांचं दुकान त्याहून जास्त दिवस बंद ठेवता येत नाही.

आधी दोन टूरवाल्यांकडे जाऊन आले. एकाच्या कागदावर १२ दिवसांत सात देश होते आणि लिस्बनच्या वाट्याला एक दुपार. बसमधून शहरदर्शन, बेलेंला फोटो, रात्री पुढचं विमान. जी नदी बघायला माणूस ६८ वर्षं थांबला, ती त्याला बसच्या काचेतून दाखवायची? मी कागद परत दिला. आमच्या सहा रात्री एकाच शहरात, एकाच खोलीत जातील. दिवसाला एकच ठिकाण, आणि दुपारी झोप.

लिस्बनमध्ये खरा प्रश्न आहे तो चढ-उतारांचा. सगळं शहर टेकड्यांवर वसलेलं, आणि पदपथ चुनखडीच्या लहान लहान चौकोनी दगडांचे. पायांनी घासून घासून ते गुळगुळीत होतात. म्हणून एका रविवारी बाबांना घेऊन पणजीला गेले आणि चर्चच्या त्या नागमोडी पायऱ्यांवर त्यांना चालवून पाहिलं. वर जाताना दोनदा थांबले, पण धाप लागली नाही. उतरताना मात्र एका हाताने कठडा धरून, आधी उजवा पाय खाली, मग डावा त्याच पायरीवर, मग पुढची पायरी. चढायला सहा मिनिटं लागली, उतरायला अकरा. चढण छातीला कळते आणि उतरण गुडघ्यांना. घरी येऊन मी सगळा आराखडा बदलला. लिस्बनला जाऊन आलेले सगळे सांगतात की ट्रामने वर जा आणि टेकडीवरच्या आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून रमतगमत चालत उतरा. आम्ही उतरणारही ट्रामनेच.

२८ नंबरची ट्राम मार्तिं मोनिझ चौकातून सुटते. दिवसभर तिला पर्यटकांची एवढी गर्दी असते की उभं राहायला जागा मिळत नाही. पहिल्या थांब्यावरच चढायचं आणि सकाळी आठच्या आत, म्हणजे बाबांना खिडकी मिळेल. किल्ल्याच्या बाजूला जायला दुसरीही एक सोय सापडली. खालच्या सपाट भागात फांकेरुश रस्त्यावर एका जुन्या इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. ती वरच्या मादालेना रस्त्यावर सोडते. तिथून थोडं चाललं की वाहनतळाच्या इमारतीत दुसरी लिफ्ट. ज्यांचे आईवडील सोबत असतील त्यांनी हे लिहूनच ठेवा.

राहण्याच्या जागेच्या बाबतीत मी ठेच खाल्ली. आल्फामात एक घर बुक केलं होतं. फोटोत निळ्या अझुलेजुच्या फरशा लावलेला जिना इतका देखणा की बाकी काही पाहिलंच नाही. नंतर मालकाला विचारलं तेव्हा कळलं, वर जायला तो जिनाच, लिफ्ट नाही, आणि घर चौथ्या मजल्यावर. आगाऊ भरलेले पैसे बुडाले. आता बायशा या सपाट भागात, लिफ्ट असलेल्या साध्या हॉटेलात खोली घेतलीय. खोलीतून नदी दिसत नाही, पण चालत दहा मिनिटांवर आहे आणि वाटेत एकही पायरी नाही.

ही सपाट, सरळ रस्त्यांची बायशा आली कुठून, ते वाचताना मी रात्री एकपर्यंत जागले. १ नोव्हेंबर १७५५, ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस. सकाळची वेळ, चर्चेस माणसांनी भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. आधी भूकंप झाला, मग समुद्र आत घुसला, मग कित्येक दिवस आग. नदीकाठचं जुनं शहर गेलं. पुढे मार्क्विस द पोंबाल झालेल्या मंत्र्याने ते चौकटीत आखून पुन्हा उभं केलं आणि नव्या घरांच्या भिंतींच्या आत लाकडाचा सांगाडा बसवला, भूकंपात घर हललं तरी कोसळू नये म्हणून. त्या सांगाड्याला ते 'गायोला' म्हणजे पिंजरा म्हणतात. रस्त्यांची नावं धंद्यांवरून आहेत. सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा रस्ता. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, हे आपल्या आळ्यांसारखंच. टेकडीवरचा आल्फामा मात्र बराचसा वाचला, म्हणून तिथे अजून मूरांच्या, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम राज्यकर्त्यांच्या, काळातल्या वेड्यावाकड्या गल्ल्या आहेत.

आता नदी. तेजुला डोळे भरून पाहायचं तर काठावर उभं राहून भागणार नाही, पाण्यावर जायला हवं. काइश दु सुद्रेहून पलीकडच्या कासिल्यशला फेरीबोट जाते, दहा मिनिटांत. पणजी-बेतीच्या फेरीवर आयुष्य गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तिथून थोडं वरच्या अंगाला नदी इतकी रुंद होते की त्या भागाला लोकांनी 'पेंढ्याचा समुद्र' असं नाव दिलंय. पलीकडे कासिल्यशच्या धक्क्यावर 'दों फेर्नांदु सेगुंदु ई ग्लोरिया' हे शिडाचं लढाऊ जहाज आता संग्रहालय म्हणून उभं आहे. ते बांधलं दमणला, नगरहवेलीच्या सागवानाचं, १८४३मध्ये. १८४५मध्ये गोव्याहून लिस्बनला गेलं ती त्याची पहिली सफर. १९६३मध्ये आगीत जळालं आणि पुढे डागडुजी करून १९९८मध्ये पुन्हा लोकांसमोर आलं. आपल्याकडच्या जंगलातलं लाकूड तेजुच्या काठावर आहे हे ऐकल्यावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हात लावायला देतात का?" ते मी तिथे गेल्यावर विचारीन.

बेलेंला १५ नंबरची ट्राम सपाट वाटेने नेते. जेरोनिमुश मठाची उभारणी १५०१मध्ये सुरू झाली. तिथल्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. बाबांनी आधीच सांगितलंय, नक्षीकाम बघीन, त्या कबरीपाशी थांबणार नाही. आमच्या घरात हे असंच आहे. आम्ही अंत्रुजातले, म्हणजे फोंड्याकडचे. पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा देवांना रातोरात होडीत घालून नदीपार आणलं त्यांची आम्ही माणसं. पोर्तुगीज भाषा बाबांना आवडते, त्यातली गाणी ते गुणगुणतात, आणि मुक्तीचा दिवस आला की दारात रांगोळी हवीच. मला लहानपणी या दोन गोष्टींचा मेळ लागायचा नाही. रोसियु चौकात आज जे राष्ट्रीय नाट्यगृह आहे, त्याच जागी पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, वाडा होता. तिथे आम्ही जाणार, थोडा वेळ उभे राहणार.

पण बाबांच्या यादीत तेजुच्या खाली एकच ओळ होती: काशियश.

हे लिस्बनबाहेरचं एक लहानसं गाव, तिथे तुरुंग आहे. गोवा मुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे तिथे कैदेत होते. मूळ नाव मनोहर आपटे, सांगलीचे. सावईवेऱ्याला मराठी शिकवायला आले आणि आझाद गोमंतक दल या सशस्त्र लढा देणाऱ्या संघटनेत गेले. १९५५च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळ्या लागून पकडले गेले. शिक्षा २६ वर्षांची. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, पण रानडे पोर्तुगालच्या कोठडीतच राहिले. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी किती खटपट केली हे मराठी माणसाला माहीत आहे. ते सुटले १९६९च्या जानेवारीत. गोवा स्वतंत्र झाल्यावरही सात वर्षं!

सावईवेरं बाबांच्या गावापासून फार लांब नाही. हल्ला झाला तेव्हा बाबा नऊ वर्षांचे होते. रानडे मास्तरांचं नाव त्या दिवसांत मोठी माणसं दार लावून घ्यायची, एवढंच त्यांना आठवतं. चर्चच्या पायऱ्या झाल्यावर आम्ही त्याच रविवारी फेरीने बेतीलाही गेलो होतो. बाबा धक्क्यावर उतरले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "हांगाच." इथेच. तेवढ्यात परतीची फेरी लागली.

काशियशचा तुरुंग अजून चालू आहे, आत जाता येणार नाही. बाबांना आत जायचंही नाही, फक्त तिथे उतरायचंय. शिवाय मधल्या सोमवारी लिस्बनची बहुतेक संग्रहालयं आणि जेरोनिमुशही बंद, त्यामुळे तोच दिवस काशियशसाठी ठेवला. आदल्या शनिवारी आल्जुब बघायचं. लिस्बनच्या कथेड्रलला लागूनच हा जुना तुरुंग आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे पोलीस राजकीय कैद्यांना इथल्या अरुंद कोठड्यांत कोंडायचे. २०१५पासून तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं संग्रहालय आहे. सालाझारच्या राजवटीचे चटके त्यांच्या स्वतःच्या माणसांनीही सोसले, हे बाबांनी तिथे उभं राहून बघावं अशी माझी फार इच्छा आहे. ही राजवट २५ एप्रिल १९७४ला संपली. तेजुवरचा मोठा लाल पूल १९६६मध्ये सालाझारच्या नावाने उघडला होता, तो आता '२५ एप्रिल' पूल आहे.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. अर्ज पणजीतच देता येतो, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून. फी ९० युरो. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, आणि इथे नीट बघा: एका एजंटाने बाबांच्या नावाने जी पॉलिसी दिली ती ७० वर्षांपर्यंतच लागू होती. बारीक अक्षरं मी दुकानातल्या भिंगाने वाचली म्हणून कळलं. बाबांचा जन्म १९६१च्या आधीचा, मनात असतं तर पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करून व्हिसाशिवाय गेले असते. वाड्यावरच्या पुष्कळांनी केली, मुलं लंडनला गेली, आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. बाबांनी केली नाही. रांगेत उभे राहून भारतीय पासपोर्टवर व्हिसा घेणार आहेत.

जूनची सुरुवात मी मुद्दाम निवडली. ऊन असतं पण पंचवीस-सव्वीस अंशांचं, सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, आणि संध्याकाळी समुद्रावरून गार वारा येतो, म्हणून स्वेटर घ्यायचाच. १२ जूनच्या रात्री सांतु आंतोनियु या संताचं फेस्त, म्हणजे उत्सव, असतं, आपल्याकडच्या सांत आंतोनच्या फेस्ताच्या आदल्या रात्री. तेव्हा आल्फामात पाऊल ठेवायला जागा नसते आणि खोल्यांचे भाव चढतात. आम्ही त्याआधी निघू, पण पताका लागलेल्या दिसतील आणि तारले मासेही मिळतील. रस्त्यावर शेगडी मांडून, जाडं मीठ लावून, अख्खे तारले भाजतात आणि पावावर ठेवून देतात. बाबांना एवढं पुरे. सोमवारी मात्र ते शिवराक, म्हणजे शाकाहारी, तर त्या दिवसासाठी मी घरून दशम्या नेणार आहे. कोबीच्या पानांचं त्यांचं हिरवं सूप असतं, त्यात चोरिसाची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, चकती घालतात. ती नको, हे पोर्तुगीजमध्ये कसं सांगायचं ते बाबांनी मला लिहून दिलंय. पाव, चावी, बटाटा, अननस एवढं तर आपण मराठी बोलता बोलता पोर्तुगीजच बोलतो.

काल मी काशियशच्या लोकल गाडीचं वेळापत्रक छापून आणलं. बाबांनी चष्मा लावला आणि आज सकाळी दाढी करताना नद्यांच्या जागी नवीन यादी ऐकू आली. काइश दु सुद्रे, सांतुश, आल्कांतरा, बेलें, आल्जेस, क्रूझ केब्राद, काशियश. मग साबण पुसत बाहेर आले आणि विचारलं, गाडीत नदी कुठल्या बाजूला दिसेल?

जाताना डाव्या बाजूला, मी म्हटलं. तुम्ही खिडकीपाशी बसा.