काय खाल्लं की अभ्यासात डोकं चालतं? तुम्ही विचारलंत म्हणून

पुण्यात सदाशिव पेठेत माझी मेस आहे, जेवायला येणारी बहुतेक पोरं-पोरी एमपीएससी-यूपीएससीवाली, आणि सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच असतो, काकू असं काय खाऊ की वाचलेलं डोक्यात राहील आणि दुपारी पुस्तकावर झोप येणार नाही. हल्ली तर त्यांच्या आयांचेही फोन येतात, बदाम पाठवू का, गावचं तूप पाठवू का, ती जाहिरातीतली पावडर पाठवू का. मी होम सायन्स केलंय, न्यूट्रिशन माझा आवडता विषय, आणि त्यानंतर इतकी वर्षं या पोरांना जेवताना बघतेय, तर जे मला पक्कं माहितीये ते सगळं एकदा इथे लिहून टाकते.

सगळ्यात आधी हे सांगते की जेवणाला कात्री लावू नका. क्लासची फी कमी होत नाही, कॉटचं भाडं कमी होत नाही, अभ्यासिकेचे पैसे भरावेच लागतात, टेस्ट सिरीज लावावीच लागते, मग घरून आलेल्या पैशात वाचवायचं कुठे तर पोटात. दोन टाइमची मेस एक टाइम होते, सकाळी चहा-क्रीमरोल, रात्री रूमवर नूडल्स नाहीतर केळी, आणि मग हाच मुलगा मला विचारतो की काकू लक्ष लागत नाही हो. अरे, लागणार कसं? मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण आपण नुसते बसून असतो तेव्हा शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतली २० टक्के एकटा मेंदू घेतो. दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं त्याला, आणि त्याच्याकडे साठवणीची सोय जवळजवळ नाहीच, रक्तातून सारखं मिळत राहावं लागतं. आता हे ऐकून लगेच ग्लुकोजची पावडर घेऊन बसू नका, भात पोळी भाकरी डाळ यातून ते मिळतंच, आणि हळूहळू मिळतं हेच त्यातलं चांगलं आहे.

सकाळच्या क्रीमरोलवर माझा राग का आहे तेही सांगते. मैदा आणि साखर, दोन्ही भराभर पचतं, रक्तातली साखर झपकन वर जाते आणि झपकन खाली येते, की अकरा वाजता पुन्हा भूक, पुन्हा टपरी, पुन्हा चहा. त्यापेक्षा पोहे खा, पण पोहेसुद्धा नुसते बटाट्याचे नकोत, दाणे भरपूर घाला, वर लिंबू पिळा, सोबत एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही किंवा कालची मटकीची उसळ उरली असेल तर ती. प्रोटीन असलं की पोट रिकामं व्हायला वेळ लागतो आणि साखरेचा तो झोका कमी होतो. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन असतं आणि पिवळ्या बलकात कोलीन असतं, स्मरणशक्तीशी संबंध असलेलं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन शरीर त्यापासूनच बनवतं, म्हणून पिवळं काढून टाकणाऱ्या जिमवाल्या मुलांना मी ओरडते.

दुपारचं जेवण. जेवण झालं की दोनच्या सुमारास डोळे मिटायला लागतात ते सगळं जेवणामुळे नसतं, त्या वेळेला शरीराच्या घड्याळातच एक उतार असतो, जेवला नाहीत तरी थोडी सुस्ती येतेच. पण वर अनलिमिटेड थाळी म्हणून तीन वेळा भात घेतला की तो उतार खड्डा होतो. माझ्याकडे जेवणारी मुलं सांगतात की आता ती आधी कोशिंबीर-भाजी-वरण खातात, मग पोळी, आणि भात शेवटी आणि थोडा, त्याने दुपार बरीच बरी जाते. याला आधारही आहे, भाजी आणि प्रोटीन आधी पोटात गेलं आणि भात-पोळी नंतर, तर जेवणानंतरची साखर कमी चढते. काही महाग नाही यात, ताटात तेच आहे फक्त कशाला आधी हात घालायचा ते बदलायचं. जेवून दहा-पंधरा मिनिटं चाला आणि मगच अभ्यासिकेत जा.

आता चहा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथे कोपऱ्याकोपऱ्यावर अमृततुल्य आहे आणि चहा हा पोरांचा एकमेव विरंगुळा आहे, तो मी हिरावून घेणार नाही. मेंदूत दिवसभर ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्याने झोप येते, आणि कॅफिन त्याच्या जागेवर जाऊन बसतं म्हणून तरतरी वाटते. थकवा गेलेला नसतो, कळायचा बंद झालेला असतो. आणि कॅफिन रक्तातून अर्धं व्हायला साधारण पाच तास लागतात, कुणाला तीन कुणाला सात, म्हणजे रात्री नऊला जी स्ट्राँग कॉफी प्यायलात तिच्यातलं अर्धं कॅफिन दोन वाजता अजून अंगात आहे. मग झोप उथळ लागते, सकाळी जड वाटतं, म्हणून पुन्हा चहा. वाचलेलं पक्कं बसतं ते झोपेत, ती झोपच कॉफीने खाल्ली तर रात्री दोनपर्यंत जागून काय मिळवलं ते तुम्हीच बघा. माझ्या मते संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी बंद, ज्यांना झोप लागायला त्रास होतो त्यांनी दुपारी तीनलाच.

किती प्यावा? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या सूचना काढल्या त्यात दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅफिन नको असं म्हटलंय. १५० मिलीच्या कपभर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम आणि फिल्टर कॉफीत ८० ते १२० असतं, तर टपरीचा ग्लास लहान असतो म्हणून तीन-चार चहाने काही बिघडत नाही. बिघडतं ते त्यावर एनर्जी ड्रिंकचा कॅन घेतला की. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे त्यात लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं, म्हणजे २५० मिलीच्या कॅनमधून ७५ मिलिग्रॅमपर्यंत, वर साखर असते ती वेगळीच. परीक्षेच्या आठवड्यात हे पहिल्यांदा पिऊन बघणाऱ्या मुलांचे हात थरथरताना मी पाहिलेत. नका पिऊ.

त्याच सूचनांमध्ये अजून एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी नको. चहातलं टॅनिन जेवणातल्या लोहाला धरून ठेवतं आणि ते लोह अंगाला लागत नाही. आपण काय करतो, हात धुतले की सरळ चहाला. मेथीची भाजी खाल्ली, मसूर खाल्ले, आणि वरून चहा ओतला, म्हणजे त्यातलं लोह बरंचसं वाया. मुलींनो, हे खास तुमच्यासाठी, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता, निम्म्याहून जास्त. हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की दोन जिने चढून दम लागतो, डोकं जड होतं, एक पान तीनदा वाचावं लागतं, आणि मुलगी समजते की आपलीच कुवत कमी आहे. हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. कुवत कमी नाहीये, रक्त कमी आहे, आणि ते भरून काढता येतं. हिमोग्लोबिन तपासा, कमी निघालं तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पूर्ण घ्या, मध्येच सोडू नका, आणि जेवताना लिंबू पिळा, सी व्हिटॅमिनने भाजी-डाळीतलं लोह जास्त लागतं.

तसंच बी-१२ चं. हे प्राण्यांपासून येणाऱ्या अन्नातच असतं, मांस-मासे-अंडी-दूध, भाजीपाल्यातून भरवशाचं मिळत नाही. गावी घरचं दूध, घरचं दही, ताक असायचं, इथे आल्यावर दूध उरतं फक्त चहातलं, आणि जी मुलं अंडंही खात नाहीत त्यांचं बी-१२ हळूहळू उतरत जातं. हळूहळू म्हणजे खरंच हळू, यकृतात त्याचा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून पुण्यात आल्या आल्या काही जाणवत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या अटेम्प्टला मुंग्या येणं, विसरणं, चिडचिड, सतत थकवा असं सुरू होतं आणि सगळे म्हणतात टेन्शन आलंय. टेन्शन असेलही! पण एक रक्ततपासणी करून घ्या ना, पावडरीच्या डब्याला जेवढे पैसे देता तेवढ्यात ती बहुतेक होऊन जाईल, आणि कमी असेल तर उपचार सोपे आहेत. तपासायच्या आधी मेडिकलमधून मनानेच गोळ्या आणू नका एवढंच.

पाणी. अभ्यासिकेत मुली पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छतागृह एकच, घाण, नाहीतर खाली उतरून लांब जावं लागतं, आणि मुलं पीत नाहीत कारण उठलं की लय तुटते. वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झालं तरी लक्ष ढळतं, डोकं दुखतं, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सव्वा लिटरसुद्धा नाही, एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या अभ्यासिकेत तेवढं सहज जातं. लघवी गडद पिवळी दिसली की समजा कमी पडतंय. ताक प्या, कोकम सरबत प्या, लिंबू-मीठ-साखर घालून बाटली भरून न्या. आणि अभ्यासिका चालवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, एसी नंतर लावा, आधी स्वच्छतागृह नीट करा.

उपवासावर पण विचारतात. धरा की, पण एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि चहा एवढ्यावर दिवस काढला तर तो दिवस अभ्यासाचा गेला, साबुदाण्यात स्टार्चशिवाय फार काही नसतं, त्या खिचडीतलं दाण्याचं कूटच काय ते कामाचं. ते दुप्पट घाला, सोबत दही घ्या, राजगिऱ्याचा लाडू ठेवा जवळ.

आणि बदाम. आई पाठवते ना, खा, प्रेमाने खा, पण पैसे मोजून आणायचे असतील तर शेंगदाणे आणा, प्रोटीन बदामापेक्षा कमी नाही, जरा जास्तच आहे, आणि किंमत किती कमी. मासे खाणाऱ्यांनी बांगडा-तारली चुकवू नका, मेंदूच्या पेशींच्या आवरणात जे डीएचए नावाचं ओमेगा-३ प्रकारचं स्निग्ध आम्ल असतं ते त्यातून थेट मिळतं, आणि शाकाहारी असाल तर जवसाची चटणी रोज थोडी. एवढं सोडून ‘मेमरी’ लिहिलेल्या कुठल्याच डब्यावर मी तुम्हाला एक रुपया घालवू देणार नाही.

परीक्षेच्या दिवसाचं सांगते. यूपीएससी प्रीलिमचा पहिला पेपर साडेनऊला, दुसरा म्हणजे सीसॅट अडीचला, आणि सीसॅट म्हणजे लांबलचक उतारे आणि गणितं, तेही नेमकं त्या दुपारच्या उतारावर. मधल्या वेळेत सेंटरबाहेर वडापाव, भजी, कोल्ड्रिंक मिळतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. घरून डबा न्या, दोन पोळ्या आणि कोरडी उसळ, किंवा थोडा दहीभात उन्हात टिकेल असं वाटलं तर, एक केळं, चार दाणे, पाण्याच्या दोन बाटल्या. नेहमी चहा पीत असाल तर त्या दिवशीही नेहमीएवढा प्या, एकदम बंद केला तर डोकं दुखेल. नवीन काहीच खायचं नाही त्या दिवशी, कुणी कितीही चांगलं सांगितलं तरी.

प्रीलिम रविवारी असते आणि रविवारी मेसमध्ये दुपारी फीस्ट, संध्याकाळी सुट्टी, हे सगळीकडेच आहे. आमच्याकडे प्रीलिमच्या रविवारी उलटं असतं, सकाळी सहाला पोहे आणि डबा तयार, दुपारी साधं वरण-भात, आणि पुरी-श्रीखंड-मसालेभात रात्री आठनंतर. मेस आमच्याकडे नसली तरी त्या दिवशी डबा हवा असेल तर शुक्रवारपर्यंत सांगून ठेवा, उसळीला मटकी आदल्या दिवशी भिजवावी लागते.