सायप्रेस आयलंडवर दोन रात्री आणि रिकामा डीपवॉटर बे

सायप्रेस हे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं बेट. सिअॅटलहून अॅनाकोर्टिस दीड तास, पुढे वॉटर टॅक्सी. सायप्रेसला फेरी जात नाही हे आधीच सांगते, कारण आमच्यातला एक जण आदल्या दिवसापर्यंत फेरीचं तिकीट शोधत होता. कयाकही टॅक्सीवरच टाकून नेले. वल्हवत जाणारे जातात, पण बेलिंगहॅम चॅनलचा करंट भारी आहे, टाइड टेबल बघून वेळ जुळवता येत नसेल तर नादी लागू नका.

सायप्रेस हेडवर तंबू ठोकले. बेटाला चिकटलेलं अजून एक पिटुकलं बेट, मधे चिंचोळी पट्टी. शेजारीच डीपवॉटर बे, ज्याच्यासाठी मी हट्ट धरला होता. शांत पाणी, एक सील डोकं काढून आमच्याकडे टकामका बघतंय, बाकी काहीच नाही. नवरा म्हणाला, "अगं, यात बघायचं काय?" म्हटलं, काही नाहीये तेच बघायला आलोय.

इथे सॅमन मासे वाढवायचे जाळ्यांचे पिंजरे होते, कुक अॅक्वाकल्चर कंपनीचे. संरक्षित बेट, कयाकवाले, कॅम्पवाले, आणि बेमध्ये लाखो मासे. 2017 च्या ऑगस्टमध्ये एक अख्खा फार्म कोसळला. आत साधारण 3,05,000 अटलांटिक सॅमन होते, म्हणजे या समुद्रातले नाहीतच. कंपनी आधी म्हणाली चार-पाच हजार सुटले असतील, आणि दोष दिला ग्रहणाच्या भरतीला. (आमच्या आजीनेसुद्धा ग्रहणाला इतकं धरलं नसतं.) जानेवारी 2018 मध्ये राज्याच्या चौकशीचा रिपोर्ट आला, त्यात सुटलेले मासे 2,43,000 ते 2,63,000 आणि कारण काय तर जाळी वेळेवर साफ केली नव्हती, त्यांच्यावर शिंपल्यांचा वगैरे निदान 110 टन थर चढलेला, त्यामुळे करंटचा ताण वाढला.

110 टन हा आकडा वाचून डोक्यात काही उभं राहत नाही. दुसऱ्या दिवशी ओहोटीला किनाऱ्यावर जुन्या दोरखंडाचा तुकडा सापडला, हातभर असेल, त्यावर शिणाण्यांचा (खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यांचा) गच्च घोस, मालवणला खडकावर असतो तसाच. एका हाताने उचलायला गेले तर उचलेना, दोन्ही हात लावले तेव्हा निघाला आणि बोटं कापली ती वेगळीच. तेव्हा कळलं जाळ्याचं काय झालं असेल.

लमी या इथल्या मूळ रहिवाशांच्या ट्राइबचे मच्छीमार तेव्हा पळालेले मासे पकडत होते, राज्याने बाकीच्यांनाही सांगितलं होतं हवे तेवढे पकडा. सप्टेंबरमध्ये बेनब्रिज बेटाजवळ रिच पॅसेज या सामुद्रधुनीत लोक होड्या आणि कयाक घेऊन पिंजऱ्यांसमोर निदर्शनं करायला उतरले. 2018 मध्ये परक्या माशांचे पिंजरे हळूहळू बंद करायचा कायदा झाला, कंपनी मग स्टीलहेड या इथल्याच माशाकडे वळली, 2022 मध्ये पिंजऱ्यांच्या जागेची उरलेली लीजही राज्याने नाकारली आणि जानेवारी 2025 मध्ये राज्याच्या मालकीच्या समुद्रात अशा व्यावसायिक पिंजऱ्यांवर बंदीच आली. सगळ्या ट्राइब्ज एका बाजूला होत्या असं मात्र समजू नका, स्विनोमिश विरोधात होते तर जेम्सटाउन स्क्लॅलम कंपनीचे भागीदार. मला विरोधकांचं पटतं, पण ज्यांची रोजीरोटी गेली त्यांच्यासमोर मी हे इतक्या सहज बोलले असते का, माहीत नाही. ऑयस्टर आणि शिंपल्यांची शेती चालूच आहे, बंदी फक्त माशांच्या पिंजऱ्यांना.

आता जाणाऱ्यांसाठी. बेटावर पिण्याचं पाणी नाही. माणशी दिवसाला चार लिटर धरा, आम्ही तीन धरले आणि पहिल्याच रात्री खिचडीत आणि भांड्यांत निम्मं संपवलं, मग दुसरा दिवस सफरचंदं खाऊन काढला. कचरा परत आणायचा, डबे नाहीत. ईगल क्लिफची ट्रेल फाल्कनच्या घरट्यांमुळे फेब्रुवारीपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद असते, आम्ही जूनमध्ये गेलो आणि पाटी वाचून परत फिरलो. उन्हाळ्यातही पाणी बर्फासारखं, लाइफ जॅकेट काढू नका आणि वेटसूट भाड्याने मिळाला तर घ्याच. टॅक्सीची परतीची वेळ जातानाच पक्की करा.

तो दोरखंड आणायचा विचार होता, पण शिणाणी जिवंत होती. होता तिथेच ठेवला.