आज वारं सोलापूरचं

ठाण्यातल्या माणसाला ओलाव्याची भीती शिकवावी लागत नाही. जून लागला की कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर पांढरी बुरशी येते, मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे पडतात, बाथरूमचं दार फुगून चौकटीत अडकतं आणि पापड बंद डब्यातही नरम पडतात. म्हणून वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी पहिली बरी म्हणावी अशी गिटार घेतली, तेव्हा तिच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या कोंबल्या. बुटांच्या खोक्यांतल्या, पर्सबरोबर आलेल्या, दोन शेजारणीकडून मागून आणलेल्या. त्या बाराही महिने तिथेच असायच्या. लाकडाला जपायचं म्हणजे पाण्यापासून जपायचं, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं.

मग एका मार्चमध्ये सकाळी रियाजाला बसले आणि डावा हात गिटारच्या मानेवरून खाली सरकवताना काहीतरी बोचलं. परत सरकवला, परत बोचलं. फ्रेट्सची, म्हणजे मानेवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या बारीक सळयांची, टोकं कडेने बाहेर आली होती, बारीक दातांच्या करवतीसारखी. आणि जाड तार, जी एरवी गोड घुमायची, ती डब्यात अडकलेल्या माशीसारखी झणझणत होती.

पाचपाखाडीतल्या आमच्या सरांनी एक पोलादी पट्टी गिटारच्या छातीवर आडवी ठेवली आणि पट्टीखालून पलीकडचा उजेड मला दाखवला. तिथे किंचित फुगवटा हवा, खळगा नको. म्हणाले, "ताई, पोट आत गेलंय हिचं. उपाशी ठेवलीत का?"

मी म्हटलं, सर, घोडबंदर रोडला राहते मी, गच्चीतून खाडी दिसते. तिथे कसली आलीय कोरडी हवा?

त्याचं उत्तर मला सरांकडून नाही, आईकडून मिळालं. आई सोलापूरची. त्या वेळी महिनाभर माझ्याकडे राहायला आली होती. घरी आले तर ती बाल्कनीत उभी, ओठांना तूप लावत होती. "आज वारं सोलापूरचं आहे बघ," ती म्हणाली. "माझ्या टाचांना कळतंय की." मी हसले. पण म्हणत होती ते खरंच होतं. मार्चमध्ये असे काही दिवस येतात की समुद्रावरचं वारं दुपारी उशिरापर्यंत सुटतच नाही, आणि तोवर पूर्वेकडून, घाटावरून उतरलेलं तापलेलं कोरडं वारं आपल्यावर राज्य करतं. पारा ३८-३९ वर जातो तो याच दिवसांत. आपण म्हणतो "काय उकडतंय," आणि एसी लावतो. एसी खोलीतल्या हवेतलं उरलंसुरलं पाणी काढून नळीवाटे खाली कुणाच्या तरी छत्रीवर टाकतो. त्यात पेटीतल्या माझ्या त्या पुड्या! गिटारला मी तिन्ही बाजूंनी पिळत होते.

वीस वर्षं ठाण्यात काढून मी कोरडेपणा ओळखायलाच विसरले होते. सोलापुरात लहानपणी खिडकीला वाळ्याचे पडदे असत, त्यांवर दर तासाला तांब्याने पाणी मारणं हे माझं काम होतं. तेच मी, आणि इथे फ्रेट टोचेपर्यंत मला पत्ता नाही.

लाकूड उभ्या रेषांच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, आडवं मात्र फुगतं आणि आक्रसतं. धातूची फ्रेट आहे तेवढीच राहते, तिच्याखालची मानेची लाकडी पट्टी अंग चोरते, म्हणून टोकं बाहेर. वरची फळी स्प्रूस नावाच्या लाकडाची, जेमतेम तीन मिलिमीटरची, त्याहूनही पातळच. तिच्यावर सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास. म्हणजे एक धडधाकट माणूस त्या फळीला रात्रंदिवस लोंबकळतोय असं समजा. फळीच्या आतून आडव्यातिडव्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्या तिला मोकळेपणाने आक्रसू देत नाहीत. ओढाताण फार झाली की ती रेषेच्या बाजूने तडकते. माझी तडकली नव्हती. (आधीची स्वस्तातली प्लायवूडची गिटार दोन वर्षं पश्चिमेच्या खिडकीशेजारी खिळ्याला टांगलेली होती, तिला कधी शिंकसुद्धा आली नाही. थरांवर थर आडवे-उभे चिकटवले की लाकूड मुकाट्याने राहतं. गातंही त्याच बेताने, हे वेगळं.)

उष्णतेचा धडा मात्र मी त्याच्या आदल्या वर्षी घेऊन चुकले होते. मे महिना, तलावपाळीला गाडी उन्हात लावलेली, गिटार डिकीत, आणि "पाच मिनिटांत येते" म्हणत मी दीड तास खरेदीत. बाहेर ३५ अंश असले तरी बंद गाडीत तासाभरात पन्नाशी पार होते. लाकूड चिकटवायचा डिंक साठ-पासष्टच्या आसपास ढिला पडायला लागतो. त्या संध्याकाळी तारा जिथे अडकवतात तो ब्रिज मागच्या बाजूने इतका उचलला गेला होता की खाली व्हिजिटिंग कार्ड सहज सरकलं. दुरुस्त करणाऱ्याने बिल देताना एवढंच विचारलं, "डिकीत स्वतः बसला असता का?" तेव्हापासून गिटार रिक्षात माझ्या मांडीवर बसून जाते.

असो. तर आता तिला पाणी पाजायचं होतं. सरांनी सांगितलं, आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या मध्ये ठेवा आणि आधी मोजायला शिका. मी दोन छोटे हायग्रोमीटर मागवले. एक म्हणे २६, दुसरा म्हणे ३३. दोघे एकाच टेबलावर शेजारी शेजारी! यावर घरगुती उपाय निघाला. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं, आणि हायग्रोमीटरबरोबर झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवायचं. त्या पिशवीतली आर्द्रता ७५ वर येऊन थांबते, मिठाचा स्वभावच तो. आई सकाळी पिशव्यांकडे बघून म्हणाली, "का गं, मिरच्या मुरत घातल्यास का काय?" पहिल्याने ६९ दाखवलं होतं, दुसऱ्याने ७६. पहिल्याच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली: अधिक सहा. म्हणजे माझ्या खोलीत भर दुपारी खरी आर्द्रता ३२ होती.

मग प्रवासातली प्लास्टिकची साबणदाणी घेतली, तिला सळई तापवून भोकं पाडली, आत स्पंजचा तुकडा घट्ट पिळून ठेवला आणि दाणी पेटीत, लाकडाला लागणार नाही अशी, गिटारच्या डोक्यापाशी. सगळी खोली ओली करत बसायची गरज नाही. पेटी बंद केली की तीच तिची खोली. एका रात्रीत मात्र काही होत नाही. बारा-तेरा दिवस रोज स्पंज ओला करत होते. फ्रेट्सची टोकं अशी हळूहळू आत गेली की नेमकी कुठल्या दिवशी बोचायची थांबली ते सांगता येणार नाही.

त्या दिवसांत आई गिटारशी बोलायला लागली. एकदा तिने पाठीवर बोटाने टकटक केली. "हे आपल्या देवघराचं शिसव आहे." मी म्हटलं, आई, याला इंडियन रोझवूड म्हणतात. "म्हणेनात का." बरोबरच होतं तिचं. १९६० च्या दशकाअखेर ब्राझीलने आपल्या रोझवूडच्या ओंडक्यांची निर्यात रोखली आणि अमेरिकेतली मार्टिन कंपनी १९६९ पासून आपल्या दक्षिणेतल्या शिसवाकडे वळली. बाकीचेही वळले. आईचं देवघर आणि माझी गिटार लांबच्या बहिणी निघाल्या.

गिटारच्या पिशवीला आई बॅग म्हणत नाही, गवसणी म्हणते. तिच्या वडिलांचा मिरजेचा तंबोरा सोलापूरच्या घरात अजून कोपऱ्यात उभा आहे, लाल गवसणी घालून. आकाशाला गवसणी घालायला निघालेल्या आपल्या लोकांना ती मुळात वाद्याची खोळ, हे किती जणांना आठवत असेल कोण जाणे.

जूनमध्ये उलटा कारभार. साबणदाणी बाहेर, पुड्या आत. जुलैत हायग्रोमीटर ८५ दाखवतो, गिटारचं पोट सुटतं, तारा वर चढतात आणि बोटं दुखतात. पण ते दुखणं ओळखीचं आहे, त्याचं मला काही वाटत नाही.

आई परत गेली तेव्हा सामानात एक हायग्रोमीटर घेऊन गेली. 'अधिक सहा'वाला. तेव्हापासून एप्रिल लागला की दुपारी चारला तिचा फोन येतो.

"सोळा आलंय. अधिक सहा, बावीस. तुझ्याकडे?"

"पेटीत अठ्ठेचाळीस."

"मजा आहे बाई तिची." मग जरा थांबून, "मी पण तंबोऱ्याशेजारी ठेवलंय पाणी. पातेलं ठेवलंय. साबणदाणी काय पुरते होय त्याला!"